चित्रातून गाळलेले घर

निसर्गचित्र काढावयास बसलेल्या मनुष्याने समोर दिसते ते सर्व कागदावर घेतलेच पाहिजे काय? आणि त्यातील काही त्याने गाळले, तर तो खोटे बोलला असे म्हणता येईल काय? हा प्रश्न चित्रकारांचा दिसतो, आणि आमचे खेड्यांतील वाचक कदाचित म्हणतील की, आम्हांस त्याच्याशी काय कर्तव्य? तथापि गेल्या हिवाळ्यात सापगाव येथे जो एक लहानसा प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत घडला, त्यावरून हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे अशी आमची खात्री झाली. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

शहापुराहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावाजवळ भातसा नदी ओलांडतो. भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाली होती; बांधांच्या आड कोठे कोठे वालाची हिरवळ दिसत होती; आणि पलीकडे माहुलीचा डोंगर आपल्या सुळक्यांसह सकाळच्या उन्हात उभा होता. आसनगावापर्यंत लोकलने व तेथून रिक्षाने आलेला एक मुंबईचा तरुण नदीकाठी घडीच्या स्टुलावर बसून जलरंगात हा देखावा उतरवीत होता. रंग कालविण्यासाठी त्याने डब्यात नदीचेच पाणी घेतले होते. गुरांमागची दोन पोरे, गळ टाकून बसलेला एक म्हातारा आणि आम्ही असे चौघे मागे उभे राहून पाहत होतो. चित्र सुंदर झाले होते, यात शंका नाही.

इतक्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई तेथून चालली होती, ती थांबली. चित्राकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "दादा, डोंगर हाय, नदी हाय, ह्यो आंबा पन हाय. मंग आमचा घर कुठं गेला?" आम्ही पाहिले, तो खरोखरच आंब्याच्या डाव्या अंगास एक कुडाचे घर होते, त्याच्या छपरावर पाऊस अडविण्यासाठी निळी ताडपत्री टाकलेली होती, आणि चित्रात त्या जागी नुसते पिवळे गवत होते. तरुण किंचित ओशाळून म्हणाला, "मावशी, त्या निळ्या ताडपत्रीने सगळा रंग बिघडत होता, म्हणून नाही घेतले." बाई रागावली नाही. ती म्हणाली, "बिघडत असंल. पन घर तिथंच हाय ना?" आणि मोळी सावरून ती चालू लागली.

त्या तरुणाची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. घरात बसून मनचे चित्र काढणे सोपे असता तो पहाटे उठून इतक्या दूर आला, उन्हात बसला, हीच गोष्ट त्याच्या सचोटीची साक्ष देते. बाहेर बसून, वस्तू डोळ्यांपुढे ठेवून चित्र काढण्याची ही रीत वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी युरोपातील चित्रकार बाहेर फार तर टिपणे करीत आणि मोठे चित्र घरी येऊन रचीत. कारण तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवावे लागत, आणि ते घेऊन हिंडणे त्रासाचे होते. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीत रंग भरण्याची युक्ती काढली, तेव्हापासून चित्रकारास आपली सारी सामग्री रानात नेता येऊ लागली. त्याच्याही आधी इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार १८२१ व १८२२ साली हॅम्पस्टेडच्या माळावर उभा राहून केवळ ढगांची चित्रे काढीत असे, आणि पुष्कळ चित्रांच्या पाठीवर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवीत असे. जणू काय तो कोर्टापुढे जबानीच देत होता! फ्रान्सात क्लोद मोने याने १८९० व १८९१ या साली आपल्याकडील भाताच्या उडव्यांसारख्याच शेतातील उडव्यांची सुमारे २५ चित्रे काढली. उडव्या त्याच, पण सकाळचा उजेड निराळा, सायंकाळचा निराळा, बर्फ पडल्यावरचा निराळा. म्हणून चित्रही प्रत्येक वेळी निराळे.

आपल्या महाराष्ट्रातही ही रीत चांगली रुजली आहे. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथे शिकून कोल्हापुरास परत गेलेले आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ ही रोजच्या पाहण्यातली ठिकाणे जन्मभर रंगविली. १९३१ साली ते वारले. परंतु कोल्हापूरच्या चित्रकारांच्या पुढील पिढ्यांस आपल्याच गावच्या तळ्याकडे पाहावयास त्यांनी शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच जे. जे. कलाशाळेत पुष्कळ वर्षे शिकविणारे प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) यांची समुद्रकिनाऱ्याची जलरंगचित्रे प्रसिद्ध आहेत.

आता या खटाटोपाचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, आपणांस जे ठाऊक आहे असे आपण समजतो, ते आपल्या डोळ्यांच्या आड येते. आपल्या शाळांतील कोणत्याही मुलास देखावा काढ म्हणून सांगा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य काढील, खाली वळणे घेत येणारी नदी, एक झोपडी व एक नारळाचे झाड काढील. सापगावचा मुलगा तेच काढतो, सोलापूरचा मुलगाही तेच काढतो. माहुलीचा डोंगर, ज्याच्याकडे तो मुलगा जन्मापासून पाहत आला, तो त्रिकोणी नाही; त्याचा माथा लांबट असून एका अंगास नवरा, नवरी व भटजी या नावांचे सुळके आहेत. नदीकाठी उंबर आहे, मोह आहे, पळस आहे. हे सर्व सोडून मुलाने जे काढले, ते त्याने पाहिलेले नसून दुसऱ्याच्या चित्रातून उचललेले असते.

बाहेर बसणाऱ्यास हे उसने ज्ञान टाकून द्यावे लागते. डोंगर हिरवा, असे आपण म्हणतो; पण सकाळी दूरचा डोंगर हिरवा दिसत नाही. मध्ये असलेल्या हवेमुळे तो फिका निळा, कधी जांभळा दिसतो, आणि जितका दूर तितका अधिक फिका. सावली काळी, असे आपण म्हणतो. पण गवतावरील सावलीत निळी झाक असते. जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरीत नाहीत. उजेड दाखवावयाचा तेथे कागद कोरा राखावा लागतो, म्हणून उजेड नेमका कोठे पडला आहे याचा निर्णय आधीच करावा लागतो. शिवाय सूर्य थांबत नाही. दोन तासांत सावल्या सरकतात, आणि नऊ वाजता आरंभिलेले चित्र अकरा वाजता पुरे करणाऱ्यास दोन वेळांची भेसळ केल्याचा दोष लागतो. अशा रीतीने हे काम मनुष्यास नम्र करते. आपले मत बाजूस ठेवून समोरच्या वस्तूचे म्हणणे ऐकून घ्यावयास ते शिकविते. सत्याचा अभ्यास म्हणतात तो याहून फार निराळा नसतो.

तर मग ज्या तरुणाने डोंगराच्या निळेपणाविषयी इतकी काळजी घेतली, त्याने घर का गाळले? आणि गाळले तर काय बिघडले?

त्याच्या बाजूने बोलावयाचे, तर पुष्कळ बोलता येईल. चित्रकार म्हणजे दस्तऐवज लिहिणारा तलाठी नव्हे. आंब्याची सर्व पाने कोणालाही काढता येणार नाहीत. काही घेणे व काही सोडणे हेच चित्रकाराचे काम. अठराव्या शतकात इंग्लंडात विल्यम गिल्पिन नावाचे एक पाळक होते. देखण्या स्थळांविषयी त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांचे मत असे की, निसर्ग रंग उत्तम देतो, परंतु मांडणी त्यास क्वचितच साधते. म्हणून चित्रकाराने झाडे इकडची तिकडे करण्यास हरकत नाही. १७८२ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी टिंटर्न येथील पडक्या मठाविषयी असेही सुचविले की, त्याच्या भिंतींची टोके जरा विचारपूर्वक हातोड्याने फोडली, तर देखावा अधिक सुंदर होईल! थट्टेचा भाग सोडला तरी वाचकांनी या हातोड्याकडे लक्ष द्यावे. पहिल्याने मनुष्य कागदावरून घर काढून टाकतो. पुढे त्याला वाटू लागते की, जमिनीवरही ते नसते तर बरे झाले असते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत १८७१ साली थॉमस मोरान हा चित्रकार सरकारी पाहणीबरोबर यलोस्टोन प्रदेशात गेला. तेथे प्रत्यक्ष पाहून काढलेली त्याची जलरंगचित्रे, आणि त्याच पाहणीतील छायाचित्रे, तेथील कायदेमंडळाच्या सभासदांपुढे ठेवण्यात आली. आणि १८७२ साली तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. जमिनीचे तुकडे करून विकण्यापासून एका अद्भुत प्रदेशाचे रक्षण झाले, हा या चित्रांचा मोठा उपकार मानला पाहिजे. परंतु तो प्रदेश निर्मनुष्य आहे, अशी जी समजूत लोकांच्या मनात बसली, ती खोटी होती. शोशोनी जातीचे काही लोक पिढ्यान्पिढ्या तेथे राहत व शिकार करीत असत. उद्यान झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना त्या हद्दीतून काढून लावण्यात आले. हा दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि ज्या प्रदेशाच्या चित्रांत मनुष्य दिसत नाही, तेथून मनुष्याला घालविणे सोपे जाते, हे मात्र खरे.

आता आपल्या भातसेकडे वळू. सापगावाखालून जे पाणी वाहते ते केवळ देखाव्याचे पाणी नव्हे. वर भातसा धरण आहे. तेथून सोडलेले पाणी याच पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून उचलून मुंबईस नेले जाते. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसेचे आहे. याच शहापूर तालुक्यातील तानसा तलाव तर १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवीत आहे. आणि याच तालुक्यात उन्हाळा आला म्हणजे कित्येक पाड्यांस टँकरने पाणी पुरवावे लागते, व बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरवर चालतात. मुंबईचा तरुण घरी जे पाणी पितो, ते या घरासमोरून वाहत गेलेले असते. आणि नदी रंगविताना त्याने नेमके ते घर गाळले. त्याच्या मनात हा विचार नव्हता, हे आम्ही जाणतो. पण विचार मनात नसणे हीच तर गाळण्याची पहिली पायरी होय. डोंगराचा देखावा दाखवून जमिनीचे तुकडे विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही डोंगर असतो, नदी असते, हिरवळ असते. घर व घरातली माणसे तेवढी नसतात.

येथे कोणी म्हणेल की, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, व २०१४ सालापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील, वारली लोकांची चित्रकला पाहा. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यामुळे ती जगभर गेली. लग्नप्रसंगी घरातील बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे चित्र काढतात, त्यात माणसे, गुरे, झाडे, नाच असे सारे गाव येते. एका जागी बसून पाहावे लागत नाही, म्हणून कोणी कोणाच्या आड जात नाही. हे खरे आहे, आणि त्यात आम्हांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ती आतल्याने आतून काढलेली चित्रे होत. समोर बसून पाहणारा बहुधा बाहेरचा असतो, आणि त्याला आपली जागा निवडावीच लागते. म्हणून त्याच्यापुढील नीतीचा प्रश्न अधिक कठीण आहे.

आमच्या मते गाळणे तीन प्रकारचे असते. पहिले, शक्ती व वेळ यांच्या मर्यादेमुळे. त्यात दोष नाही. दुसरे, विषयाकडे लक्ष राहावे म्हणून. ज्याला आज केवळ पाण्यावरचा उजेड काढावयाचा आहे, त्याने पुलावरील मोटारी सोडल्या तर त्यातही दोष नाही. तिसरे, तिटकाऱ्याने, लाजेने किंवा गिऱ्हाइकाची मर्जी राखण्यासाठी. हे मात्र असत्य होय. अडचण एवढीच की, तिसऱ्या प्रकारचे गाळणे नेहमी दुसऱ्याचे वस्त्र पांघरून येते. मग ते ओळखावे कसे?

बाहेर बसून काढलेल्या चित्राची खरी थोरवी येथेच आहे, असे आम्हांस वाटते. घरात बसणाऱ्याच्या मागे कोणी उभे नसते. बाहेर बसणाऱ्याच्या मागे त्या जागेची माणसे येऊन उभी राहतात, आणि चित्र व वस्तू दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. तेव्हा कसोटी अशी: जे गाळले, त्याच्या धन्यास गाळण्याचे कारण तोंडावर सांगता येते काय? "मावशी, मी आज नुसते पाणी काढले," असे म्हणावयास लाज वाटण्याचे कारण नाही. "मावशी, तुमच्या घराने रंग बिघडतो," हेही त्या तरुणाने सांगितले, आणि हा त्याचा प्रामाणिकपणा होय; पण सांगताना त्याचे त्यालाच ते ऐकू आले. प्रत्येकाचे घर, प्रत्येकाचा बैल काढलाच पाहिजे, असे ही कसोटी म्हणत नाही. ज्याला गाळले त्याच्यासमोर मान वर करून उभे राहता आले पाहिजे, इतकेच ती म्हणते.

याच्या उलट दोषाचाही उल्लेख केला पाहिजे. काही लोक खेड्यात येऊन फाटकी ताडपत्री तेवढी टिपतात, आणि पाहणाऱ्यास कळवळा यावा म्हणून बाकी सर्व सोडून देतात. त्या बाईचे अंगण शेणाने स्वच्छ सारवलेले होते आणि कुडावर घोसाळ्याचा वेल चढविलेला होता. तो वेल गाळून नुसती ताडपत्री काढणे, हे घर गाळण्याइतकेच खोटे आहे. दया उत्पन्न करण्यासाठी केलेले असत्यही असत्यच.

वाचकहो, आपणांपैकी फार थोडे चित्रे काढतात; पण चित्र रंगविण्याचे काम आपण सर्वच रोज करतो. संस्थेचा अहवाल लिहिताना, पाहुण्यांस गाव दाखविताना, सोयरीक जुळविताना घरची हकीकत सांगताना, भांडणानंतर शेजाऱ्याविषयी बोलताना, आपण काही घेतो व काही गाळतो. मोबाईलवर फोटो घेताना उकिरडा बाहेर राहील अशा बेताने आपण जरासे वळतो. या वळण्याचे कारण, ज्याला बाहेर ठेवले त्याला आपण सांगू शकू काय? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याशी करावा. तसेच शाळामास्तरांस आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक तास मुलांस पाटी-कागद देऊन बाहेर बसवावे. दोन त्रिकोणी डोंगर काढण्याची मनाई करावी. दिसते ते काढण्यास सांगावे, व कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा कोठून येत होता ते लिहून घ्यावे. मुले चित्रकार होतील न होतील. पण न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगावयास त्यांची जीभ पुढे कचरेल, अशी आम्हांस आशा आहे.

सापगावच्या प्रसंगाचा शेवट सांगून हा लेख पुरा करतो. तो तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. या खेपेस आधी त्या घरी जाऊन त्याने विचारले, "मावशी, तुमचे घर काढू का?" बाई म्हणाली, "काढा की." तो अंगणासमोर बसला. ताडपत्रीचा निळा रंग त्याला फार जड गेला. दोनदा कागद पुसावा लागला. दुसरे चित्र पहिल्याइतके देखणे झाले नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. खरेपणाचे बक्षीस लगेच मिळते, असे आम्ही वाचकांस सांगू इच्छीत नाही. चित्र पुरे झाल्यावर बाईने ते हातात घेतले, घराकडे पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, "येल ऱ्हायला."

तरुण हसला. खाली बसून त्याने ब्रश पुन्हा भातसेच्या पाण्यात बुडविला, आणि कुडावर वेल चढविला.